चार तबकड्या, पाठपोट

चिठ्ठी आपणहून सुटली. बळवंतराव पोतनिसांनी तिला हातही लावला नव्हता. त्यांनी ग्रामोफोनची तबकडी पुसायला घेतली आणि मधोमध चिकटवलेला तो चौकोनी कागद त्यांच्या मांडीवर येऊन पडला. खळीला कसर लागली होती. सात वर्षांपूर्वी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्यांनीच तो चिकटवला होता, आणि त्यावरचा आकडाही त्यांच्याच वळणदार अक्षरात होता: ४१२, बाजू १.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. ग्वाल्हेरच्या माणसाला आठ वर्षांपूर्वी सांगितलं की तुझं संस्थान संपलं, आता तू मध्यभारतात आलास. त्याला ती सवय लागते न लागते तोच मध्यभारतही निकालात निघाला. एक तारखेपासून मोठा मध्यप्रदेश, आणि राजधानी भोपाळ. कचेऱ्यांची वाटणी चालू होती. कुणी भोपाळला, कुणी रीव्याला, कुणी इंदूरला, कुणी जबलपूरला. सरकारी सामानाची जी कोठी होती, तिथले मोठे कारकून बळवंतराव भोपाळच्या वाट्याला आले होते. सामान पेट्यांत भरून सोमवारी खिळे ठोकायचे होते, आणि बुधवारी त्यांची गाडी होती.

चिठ्ठीखाली तबकडीचा मूळचा लाल कागद दिसला. कुणा इंग्रज संगीतकाराचं नाव, रचनेचं नाव, विलायतेतल्या वाद्यवृंदाचं नाव, आणि अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरात, पार्ट १. ठीक होतं. बळवंतरावांनी तबकडी उलटली. मागं त्यांचीच दुसरी चिठ्ठी होती, बाजू २. ती घट्ट होती. का कुणास ठाऊक, त्यांनी बोट ओलं केलं आणि ती खरवडून काढली. खाली छापलं होतं, पार्ट ८.

मग त्यांनी त्याच संचातल्या उरलेल्या तीनही तबकड्या काढल्या आणि ओल्या फडक्यानं एकेक चिठ्ठी भिजवून सोडवली. दुसरीवर दोन आणि सात. तिसरीवर तीन आणि सहा. चौथीवर चार आणि पाच. बळवंतराव तिथंच पेटीवर बसले. त्यांना एकदम बँडमास्तर जगदेवराव आठवले.

असं कसं झालं, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. एकोणपन्नास साली संस्थानाच्या सामानाच्या याद्या झाल्या. राजवाड्यातली कुठली वस्तू महाराजांची खासगी आणि कुठली आता सरकारची, हे वरून ठरून यायचं आणि बळवंतरावांनी लिहायचं. गालिचे, झुंबरं, हत्तींचे साज, चहाचे चमचे, सगळं. तबकड्या वाजवायचं मोठं विलायती कपाट खासगीत गेलं आणि आठशे तबकड्या सरकारात आल्या. नवरा एका यादीत आणि बायको दुसऱ्या यादीत गेली, तरी कुणाला काही वाटलं नाही. वाटून घ्यायला वेळ होता कुणाला!

त्या कपाटापाशी उभ्या असलेल्या हुजऱ्यानं तेव्हा कौतुकानं सांगितलेलं आता बळवंतरावांना शब्दन् शब्द आठवत होतं. मधल्या दांडीवर तबकड्यांची चळत ठेवायची. एक वाजून झाली की वरची दुसरी आपोआप खाली पडते. चारी वाजल्या की सगळी चळत एकदम उलटी करायची, की पुढचं चालू. म्हणजे एक ते चार या वरच्या बाजू, आणि पाच ते आठ या मागच्या, उलट्या क्रमानं. कपाटाच्या सोयीनं छापलेल्या तबकड्या होत्या त्या. कपाट गेलं, तशी ती सोय कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आणि बळवंतरावांनी काय केलं होतं? दफ्तरातला कागद जसा आधी समोरून आणि मग मागून वाचतात, तसे तबकड्यांवर नंबर टाकले. पहिलीच्या पुढं एक, पाठीमागं दोन. दुसरीच्या पुढं तीन, पाठीमागं चार. पोतनिसांच्या घरात पाच पिढ्या कागद पाठपोट लिहिले गेले होते. तबकडी कागदाहून वेगळी असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. नियम होता की चिठ्ठी मधोमध लावावी, म्हणजे रेघांना धक्का लागत नाही. चिठ्ठी बरोबर छापील अक्षरावर बसली, आणि खरा आकडा तिच्याखाली गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर बळवंतराव स्वतःशी हसले असते. पण एक्कावन्न साली त्या चार तबकड्या जगदेवरावांनी नेल्या होत्या.

जगदेवराव भापकर संस्थानच्या फौजेच्या बँडचे बँडमास्तर. मुरारला छावणीत अठ्ठावीस माणसांचा बँड होता. जगदेवराव स्वतः कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवत. बळवंतरावांची आणि त्यांची दोस्ती शाळेपासूनची. एक दक्षिणेतून आलेल्या शिलेदारांच्या घरातला, दुसरा त्याच फौजेबरोबर आलेल्या कारकुनांच्या घरातला. पण लहानपणी दोघांनी एकाच चिंचेखाली मार खाल्लेला. आधीचा गोरा बँडमास्तर सत्तेचाळीस साली विलायतेला परत गेला, तेव्हा बँडची सगळी लिहिलेली पुस्तकं ट्रंकेत घालून घेऊन गेला. जगदेवरावांच्या हाती उरली वाद्यं, माणसं आणि स्वतःचे कान.

एक्कावन्न साली संस्थानची फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिळवायची ठरली. पत्र आलं की बँडची परीक्षा होईल. एक कूच, एक देशी चाल आणि एक मोठी इंग्रजी रचना वाजवून दाखवायची. पास झालात तर बँड जसाच्या तसा पुढं चालू. कूच होती, चाल होती; इंग्रजी रचना ट्रंकेतून विलायतेला गेली होती. तेव्हा जगदेवराव कोठीत आले.

"बळवंता, तुझ्याकडे रेकॉर्डी आहेत ना राजवाड्यातल्या? एखादी मोठी, फुल बाजाची असेल तर तीन महिन्यांसाठी दे. ऐकून ऐकून लिहून काढतो."

कोठीतली वस्तू वरच्या हुकमाशिवाय बाहेर द्यायची नाही, असा नियम होता. बळवंतरावांनी आयुष्यात मोडलेला हा पहिलाच नियम. त्यांनी ४१२ नंबरचा संच फडक्यात गुंडाळून जगदेवरावांच्या सायकलीला बांधला.

सराफ्यातल्या एका पेढीवाल्याकडून जगदेवरावांनी हातानं चावी द्यायचा ग्रामोफोन मागून आणला. चार मिनिटं वाजायचं, मग तबकडी उलटायची, पुन्हा चावी. क्लॅरिनेट काय म्हणते ते एकदा ऐकायचं, मग फक्त पितळी बाजा, मग फक्त ढोल. अठ्ठावीस माणसांचे अठ्ठावीस कागद त्यांनी कानानं ऐकून लिहिले. आणि लिहिता लिहिता एक दिवस ते संच घेऊन पुन्हा कोठीत आले.

"एक गोष्ट बोलू? ह्या रेकॉर्डीत काहीतरी गडबड आहे. दुसऱ्या बाजूला सगळे एकदम उठतात आणि संपवतात. म्हणजे अगदी संपतंच ते. मग तिसऱ्या बाजूला पुन्हा हळूहळू पहाट चालू. आणि आठव्या बाजूला तर मधेच सोडून दिलंय. असा कोणी शेवट करतो का?"

"इंग्रजांचं आहे ते, जगदेव. त्यांचा कायदा वेगळा."

"कायदा वेगळा असेल. कान तर सगळ्यांचे सारखेच ना?"

बळवंतरावांनी वही उघडली. ४१२ च्या पुढं एक ते आठ, ओळीनं, खाली शिक्का. "हे बघ. सरकारी नंबर आहे, यार. मी स्वतः लावलाय. तो कसा चुकेल?"

तबकडी टेबलावर दोघांच्या मधेच होती. चिठ्ठीचा कोपरा उचलून खाली बघायला किती वेळ लागला असता? पण बळवंतरावांनी वही बघितली, आणि जगदेवरावांनी बळवंतरावांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. तू म्हणतोस तर तसंच असेल." आणि संच घेऊन गेले.

दोन बाजूंच्या मधे सूर जुळत नव्हता, तिथं जगदेवरावांनी स्वतः चार-चार, आठ-आठ मात्रांचे तुकडे रचले. एका बाजूचा शेवट हळूच वळवून दुसरीच्या सुरुवातीला आणून सोडायचा. त्यांना ते सांधे म्हणत. असे सात सांधे झाले, आणि शेवटी, जिथं तबकडी मधेच थांबत होती, तिथं एक छोटा शेवट. घरी ते सांधे इतके घोटले गेले की त्यांची चौदा वर्षांची पद्मा भाकरी थापताना ते गुणगुणायची.

परीक्षा मुरारच्या मैदानावर झाली. बळवंतराव कचेरीतून रजा काढून गेले होते. लांब, लोकांच्या मागं, निंबाखाली उभे होते. बँड त्यांना तरी फार सुरेख वाटला. तपासायला आलेला अधिकारी लंडनला शिकून आलेला होता. तो आधी हसला, मग उठून जगदेवरावांपाशी गेला आणि काहीतरी विचारू लागला. जगदेवरावांनी मान वळवून एकदाच, लांबून, बळवंतरावांकडे बघितलं. मग पुन्हा समोर बघून मान खाली घातली. लोकांत बातमी आली ती एवढीच, की साहब बोले, बँडमास्टर का कान ठीक नहीं है.

अठ्ठाविसांतले आठ तरुण फौजेत घेतले. बाकीचे घरी. बँड मोडला. जगदेवरावांना पेन्शन देऊन मोकळं केलं, आणि ते मुरारमध्येच एका लाकडाच्या वखारीत मजुरांची हजेरी लिहायला जाऊ लागले. कदाचित बँड तसाही मोडला असता. त्या दिवसांत पुष्कळ काही मोडत होतं. पण जगदेवरावांचा कान गेला, ही गोष्ट गावात राहिली. तबकड्यांचा संच कुणातरी पोराच्या हाती फडक्यात बांधून परत आला, आणि बळवंतरावांनी तो जागेवर ठेवून दिला.

ती गोष्ट गावात राहिली ती कुणामुळं, हे बळवंतराव आज पेटीवर बसून स्वतःपासून लपवू शकत नव्हते. लोक त्यांनाच विचारायचे, कारण दोस्ती सगळ्यांना माहीत. आणि ते सांगायचे. चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, बाड्याच्या चौकात उभ्या उभ्या. "काय सांगू हो, आमच्या जगदेवरावांचा कान गेला. माणूस सोन्यासारखा. पण कान गेला." मोठ्या कळवळ्यानं सांगायचे. त्या कळवळ्याच्या तळाशी एक भीती होती, की कान गेला नसेल तर मग नंबर चुकले असतील. ती भीती त्यांनी पाच वर्षं उचकटून बघितली नव्हती. चिठ्ठीसारखीच ती आज आपणहून सुटली.

पाच वर्षांत ते जगदेवरावांच्या घरी एकदाही गेले नव्हते.

घरी येऊन त्यांनी शामलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि पातेलं बाजूला ठेवलं.

"अहो, मग बसलात काय? बुधवारी आपण जाणार. उद्या रविवार आहे, जाऊन सांगून या."

"काय सांगू?"

"चुकलं म्हणून सांगा. आणखी काय असतं सांगायला?"

पण बळवंतरावांना रिकाम्या हातानं जाववेना. रविवारी सकाळी ते आधी कोठीत गेले. वहीत ४१२ ची ओळ काढली आणि लाल शाईनं समासात लिहिलं: 'बाजूंचा क्रम चुकीचा लागला आहे. चूक नोंद करणाराची. बँडमास्तर श्री. जगदेवराव भापकर यांनी ही शंका सन १९५१ मध्ये वेळीच दाखवली होती व ती बरोबर होती.' खाली सही, तारीख. वाचून त्यांना जरा बरं वाटलं. सरकारी वहीत आलं म्हणजे झालं, असं त्यांना खरंच वाटत होतं. बिचारे आयुष्यभर त्याच विश्वासावर जगले होते. मग वही पिशवीत घातली, चार तबकड्या फडक्यात गुंडाळल्या आणि आयुष्यात दुसऱ्यांदा नियम मोडून ते मुरारच्या टांग्यात बसले.

दार पद्मानं उघडलं. आता ती एकोणीस वर्षांची होती, थाटीपुरच्या एका शाळेत शिकवत होती. बळवंतरावांना ओळखायला तिला क्षणभर लागला.

"काका? अरे, आप... या ना. बाबा आहेत. बाबा, देखो कौन आया है."

जगदेवराव खाटेवर बसून पेपर वाचत होते. केस पांढरे झालेले, खांदे अजून बँडमास्तरचे, ताठ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आणि खाटेवर सरकून जागा केली. "ये. बैस," एवढंच म्हणाले. हसले तेव्हा दिसलं की त्यांचे वरचे पुढचे दात नव्हते.

कोपऱ्यात एका स्टुलावर तोच ग्रामोफोन होता, सराफ्यातला. बँड मोडला तेव्हा पोरांनी वर्गणी काढून तो पेढीवाल्याकडून विकत घेतला आणि मास्तरांना निरोपाची भेट म्हणून दिला, असं पद्मानं चहा ठेवता ठेवता सांगितलं. त्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि रुमालावर देवाची तसबीर. "बाबा लावतच नाहीत कधी," ती म्हणाली.

बळवंतरावांनी चहाला हात लावला नाही. त्यांनी फडकं सोडलं, पहिली तबकडी काढली आणि जगदेवरावांच्या हातात दिली. पार्ट १. मग त्यांच्या हातातच ती उलटली. पार्ट ८. कपाटाची हकीकत सांगितली, चिठ्ठ्यांची सांगितली. 

"तुझा कान बरोबर होता, जगदेव. नंबर चुकले होते. माझे."

जगदेवरावांनी तबकडीवरून अंगठा फिरवला, जिथं खळीचा पांढरा डाग राहिला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"साहेबांनी त्याच दिवशी सांगितलं ना. म्हणाले, तुम्ही शेवट दुसऱ्या नंबरवर लावलाय, हा क्रम कोणी दिला? तेव्हाच सगळं डोक्यात आलं. दुसरी बाजू म्हणजे शेवट. म्हणजे पाठपोट नाहीच ते."

"मग बोलला का नाहीस? तिथंच सांगायचं, की चिठ्ठ्या कोठीच्या आहेत."

"आणि मग साहेब विचारणार, कोठीच्या रेकॉर्डी तुझ्याकडे कशा? कोणाच्या हुकमानं?" जगदेवरावांनी तबकडी खाटेवर अलगद ठेवली. "तुमच्याकडे त्याच महिन्यात छाटणी चालली होती. अकरा कारकुनांतले सहा ठेवणार होते. शामलावहिनी बाळंतपणाच्या खोलीत. मी तुझ्याकडे बघितलं एकदा, निंबाखाली. म्हटलं, जाऊ दे, साहेबांना माझाच कान चुकला असं वाटू दे. एकाची नोकरी गेली तर गेली, दोघांची कशाला?"

 पाच वर्षं बळवंतराव ज्या नजरेला कान गेलेल्या माणसाची लाज समजत होते, ती ही होती. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही. मग त्यांना एकदम वही आठवली. त्यांनी घाईघाईनं पिशवीतून ती काढली, पान उघडलं आणि जगदेवरावांपुढं धरलं. "मी लिहिलंय. लाल शाईनं. तुझ्या नावासकट."

जगदेवरावांनी चष्मा नीट करून ते सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटून परत दिली.

"ही कुठे जाणार?"

"भोपाळला. पेटीतून."

"कोण उघडेल?"

बळवंतरावांनी वही पिशवीत घातली.

"मी वाट बघितली तुझी," जगदेवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "वाटलं, संध्याकाळी येशील, साहेब काय म्हणाले ते विचारशील. म्हणजे मग तुला एकट्याला सांगेन. तू आलाच नाहीस. महिनाभरानं सराफ्यात तुमच्या कचेरीतले दिनकरराव भेटले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बळवंतरावांनी सांगितलं हो, तुमचा कान गेल्याचं. फार वाईट झालं. मला नोकरीचं काही नाही रे. नोकरी तर कितीतरी जणांची गेली. साहेब परका माणूस, त्याला जे ऐकू आलं ते तो बोलला. पण तू कसं म्हणालास? तुला तर माहीत होतं माझा कान."

दाराशी उभी असलेली पद्मा आत निघून गेली.

"तोंडानं बोललास, बळवंता," जगदेवराव म्हणाले, "आणि दुरुस्ती वहीत केलीस."

 बळवंतराव उठले, स्टुलापाशी गेले, तसबीर काढून कोनाड्यात ठेवली, रुमालाची घडी केली. ग्रामोफोनला चावी दिली. चावी कुरकुरली, पण बसली. पहिली तबकडी लावून त्यांनी सुई टेकवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. मग चौथीची मागची बाजू, आणि तसं उलटं मागं येत पहिलीच्या मागच्या बाजूपर्यंत. खरखर फार होती, तरी त्यातून सगळं ऐकू येत होतं. पहाट झाली, चढत गेली, कुठं अडली नाही, आणि शेवटी सगळे एकदम उठले आणि संपवलं. या वेळी ते संपायच्याच जागी संपलं. जगदेवराव डोळे मिटून बसले होते. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

"किती सरळ आहे," ते म्हणाले. "माझ्या सांध्यांची काही गरजच नव्हती."

पद्मा केव्हा बाहेर आली होती ते कुणी बघितलं नाही. "बाबा, अब अपना वाला," ती म्हणाली.

"राहू दे."

"नाही बाबा, लावा ना. काका, तुम्ही लावा. पहिलं, मग त्याचंच मागचं. जैसे हम लोग बजाते थे."

बळवंतरावांनी तबकडी पुन्हा लावली. पहिली बाजू संपली, सुई नुसतीच घासू लागली. ती उचलून त्यांनी तबकडी पाठपोट उलटली, आणि तेवढ्या रिकाम्या जागेत जगदेवरावांनी ओठ आवळले. कॉर्नेटवर आवळतात तसे. शीळ घालायला गेले, पण दात नव्हते, नुसती हवा आली. तेव्हा पद्मा गुणगुणली. चार मात्रा, मग आणखी चार. एका टोकाहून निघून हळूच वळत दुसऱ्या टोकाला. तिचा सूर पोचला आणि बळवंतरावांनी नेमकी तिथं सुई टेकवली. जुळलं. पुढच्या बाजूलाही जुळलं. सातही सांधे तिला पाठ होते. जगदेवराव बोटानं तिला लय दाखवत होते आणि त्यांचा चेहरा बँडसमोर उभ्या असलेल्या माणसाचा झाला होता. शेवटची तबकडी मधेच थांबली, तिथला छोटा शेवटही ती म्हणाली. तो कुठल्या रेकॉर्डीवर नव्हता. अठ्ठावीस कागद परीक्षेनंतर जमा करून घेतले होते, ते कुठं गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. आता ते सांधे फक्त या मुलीपाशी होते.

बळवंतरावांनी सुई उचलून ठेवली.

"खरं सांग, बळवंता," जगदेवराव म्हणाले. "कान गेलेल्या माणसाचं काम आहे हे?"

"नाही."

"मग जा, आणि ज्यांना ज्यांना ते सांगितलं होतंस, त्यांना हे सांग. माझं बाकी काही मागणं नाही."

"सांगतो," बळवंतराव लगेच म्हणाले. "एकेकाला सांगतो. दिनकरराव रीव्याला गेले कालच, त्यांना पत्र टाकतो. इंदूरला गेलेत त्यांनाही." ते बोटं मोजू लागले. कचेरीतले आठवले तेवढे मोजले. सराफ्यातले दोघे. मग ते पंगतीतले, शेजारच्या पाटावरचे, ज्यांची नावंही विचारली नव्हती. बाड्यावर उभ्या उभ्या भेटलेले. त्यांनी पुढं आणखी कुणाला सांगितलं असेल ते. बोटं थांबली. राजवाड्यातला चमचान् चमचा या हातानं लिहून काढला होता. पण ही यादी त्यांनी कधी केली नव्हती.

"किती झाले?" जगदेवरावांनी विचारलं.

बळवंतरावांनी सांगता येत नाही अशी मान हलवली.  जगदेवराव उठले आणि एकेक तबकडी फडक्यात ठेवू लागले, एक, दोन, तीन, चार. चारी टोकांची गाठ मारून त्यांनी बोचकं मित्राच्या हातात दिलं.

"नंबर नीट लाव," ते म्हणाले.